पृथ्वीच्या पोटातलं पडद्यावर कसं आणायचं?

प्रश्न एका तरुण दिग्दर्शकाचा आहे. त्याला दूरचित्रवाणीसाठी भूविज्ञानावर तासाभराचा माहितीपट करायचा आहे. प्रेक्षक सर्वसाधारण, शाळा सुटल्यावर भूगोलाचं पुस्तक पुन्हा न उघडलेला. तो लिहितो, "वन्यजीवांच्या माहितीपटात निदान प्राणी हलतो, पळतो, शिकार करतो. इथे खडक जागचा हलत नाही, घटना कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या, आणि निम्म्या गोष्टी जमिनीखाली. मग ज्वालामुखी आणि भूकंपाची दृश्यं लावूनच वेळ भरायची का? शास्त्रज्ञांच्या मुलाखती लोक बघतात का? ॲनिमेशन किती वापरावं?" मी बरीच वर्षं याच कामात आहे, त्यामुळे जरा ऐसपैस उत्तर देते.

पहिली गोष्ट, विषय घेऊन निघू नका, प्रश्न घेऊन निघा. 'हिमालय' हा विषय झाला. त्यावर तासभर काहीही दाखवता येतं आणि म्हणूनच तो कुठेच पोचत नाही. 'एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्रात तयार झालेला चुनखडक कसा?' हा प्रश्न आहे. शिखराजवळचा तो खडक ऑर्डोव्हिशियन काळातला, ४५ कोटी वर्षांपेक्षा जुना, आणि त्यात समुद्री जीवांचे अवशेष सापडतात. एवढं एक वाक्य सांगितलं की प्रेक्षक आपणहून विचारतो, मग तो तिथे चढला कसा? त्याने विचारलं की तुमचं अर्धं काम झालं. पुढचा तास त्याला तुमच्याबरोबर चालावंसं वाटतं, कारण आता शोध त्याचाही आहे.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. भूविज्ञानाच्या माहितीपटाचा नायक ज्वालामुखी नसतो, शास्त्रज्ञही नसतो. नायक असतो पुरावा. 'खंड सरकतात', 'गाभा लोखंडाचा आहे', 'हा थर समुद्राच्या तळाशी साचला' अशी विधानं निवेदकाने कितीही भारदस्त आवाजात केली तरी ती ऐकीवच राहतात. घरात बसलेल्या माणसाला एकच विचारायचं असतं: हे कशावरून? त्या प्रश्नाचं उत्तर पडद्यावर घडताना दिसलं तर खडक न हलताही चित्रपट पुढे सरकतो. न दिसलं तर कितीही लाव्हा उसळू द्या, दहाव्या मिनिटाला वाहिनी बदलली जाते.

हे प्रत्यक्षात कसं करायचं ते एका जागेवरून सांगते. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सिकर पॉइंट नावाचं खडकाळ टोक आहे. १७८८ साली भूवैज्ञानिक जेम्स हटन आणि त्यांचे मित्र जॉन प्लेफेअर व जेम्स हॉल होडीने तिथे गेले. खाली करड्या ग्रेवॅक खडकाचे थर जवळजवळ उभे आहेत, पुस्तकं कपाटात उभी लावावीत तसे. त्यांच्या डोक्यावर लालसर वालुकाश्माचे थर थोडेसे कललेले, जवळजवळ आडवे. खालचे थर साधारण ४३.५ कोटी वर्षांपूर्वीचे, वरचे सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वीचे. मधली साडेसहा कोटी वर्षं त्या एका रेषेत दडलेली आहेत.

नवखा दिग्दर्शक इथे ड्रोन उडवतो, संगीत चढवतो आणि निवेदनात 'साडेसहा कोटी वर्षं' म्हणून मोकळा होतो. प्रेक्षकाला सुंदर किनारा दिसतो, बाकी काही नाही. मी असं करीन: आधी लांबचा शॉट, त्यात माणूस उभा, म्हणजे थर किती जाडीचे ते कळतं. निवेदन नाही. मग कॅमेरा खालच्या उभ्या थरांवर, इतका वेळ की ते उभे आहेत हे पाहणाऱ्याच्या डोळ्यांनी नोंदवावं. मग वरचे आडवे. मग दोघांमधली ती रेषा, आणि शेवटी रेषेच्या अगदी वर, लाल वालुकाश्माच्या बुडाशी अडकलेले करड्या खडकाचे तुकडे. सगळी गोष्ट त्या तुकड्यांत आहे. खालच्या खडकाचे तुकडे वरच्यात सापडतात, याचा अर्थ वरचा थर साचायला लागला तेव्हा खालचा आधीच कठीण खडक झालेला होता, उभा झालेला होता, उघडा पडून झिजत होता. गाळ साचला, दगड झाला, दाबाने उभा राहिला, वर आला, झिजला, त्यावर पुन्हा गाळ साचला, त्याचाही दगड झाला. हा क्रम प्रेक्षकाला स्वतः लावू द्या. शास्त्रज्ञाला कॅमेऱ्यासमोर विचारा, "यातलं आधी काय झालं?" आणि उत्तरापूर्वी चारपाच सेकंद तशीच जाऊ द्या. त्या सेकंदांत बघणारा मनातल्या मनात उत्तर देतो. ते पुढे बरोबर निघालं की त्याला जो आनंद होतो, तो कुठल्याही उद्रेकाच्या दृश्यातून मिळत नाही.

अशा जागांची रेकी, म्हणजे चित्रीकरणाआधीची पाहणी, भूशास्त्रज्ञाला बरोबर घेऊनच करा. एकट्या कॅमेरामनला देखणी जागा दिसते आणि एकट्या शास्त्रज्ञाला महत्त्वाची. तुम्हाला दोन्ही एकत्र हवं. खडकाला प्रकाश तिरपा लागतो. भर दुपारी थर, भेगा, लाटांच्या खुणा सगळं सपाट होऊन जातं, आणि तोच कडा सकाळी किंवा संध्याकाळी पाहिला तर प्रत्येक थराची कड वेगळी उठून दिसते. म्हणून कडा कोणत्या दिशेला तोंड करून आहे हे रेकीतच लिहून ठेवा. काही कड्यांवर सकाळीच ऊन येतं, उत्तरेकडे तोंड असलेल्या काहींवर तर वर्षातले कित्येक महिने येतच नाही. कोरड्या खडकाचा रंग मरतो, थोडं पाणी शिंपडलं की स्फटिक आणि पोत दिसायला लागतो. भूशास्त्रज्ञ हे रोज करतात, तेव्हा त्यांना ते करतानाच टिपा. किनाऱ्यावर शूट असेल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक कॉलशीटवर, म्हणजे क्रूला रोज मिळणाऱ्या कामाच्या कागदावर, छापा. प्रत्येक जवळच्या शॉटमध्ये मापाला काहीतरी ठेवा: हातोडी, पेन, हात. खडकाचा जवळून घेतलेला फोटो आणि डोंगराचा लांबून घेतलेला फोटो यांत मापाशिवाय फरक कळत नाही. शेवटचं म्हणजे संरक्षित जागी हातोडी चालवायची नाही आणि जीवाश्म सापडतात त्या जागेचा नेमका पत्ता पडद्यावर द्यायचा नाही. माहितीपट प्रसारित झाल्यावर तिथे गोळा करायला जाणारे लोक असतात.

आता शास्त्रज्ञ. लोक शास्त्रज्ञांना बघतात का? काम करणाऱ्याला बघतात, व्याख्यान देणाऱ्याला नाही. पुस्तकांच्या कपाटासमोर बसवून "सोप्या शब्दांत सांगा" म्हटलं की चांगला बोलणारा माणूसही आखडतो. तो तुमच्यासाठी आपलं ज्ञान पातळ करायला लागतो आणि त्याचं बोलणं बेचव होतं. त्याला जागेवर न्या, हातात भिंग द्या, आणि "हे काय आहे?" विचारण्याऐवजी "हे तुम्हाला कशावरून कळलं?" विचारा. दुसरा प्रश्न नेहमी असा ठेवा: "तुम्ही चुकीचे आहात हे कशामुळे सिद्ध होईल?" या प्रश्नावर प्रामाणिक शास्त्रज्ञाचा चेहरा उजळतो, कारण हा प्रश्न तो स्वतःला रोज विचारत असतो. पहिलं उत्तर बहुतेक वेळा वर्गातलं असतं. तोच प्रश्न अर्ध्या तासाने, चालता चालता, वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारला की खरं उत्तर येतं. शिवाय फक्त विभागप्रमुखांना घेऊ नका. नमुने कापणारी तंत्रज्ञ, रात्रभर उपकरणावर बसणारा संशोधक विद्यार्थी, यांच्या हातांत जी सफाई असते ती कॅमेऱ्याला फार आवडते.

प्रयोगशाळेतलं एक दृश्य मी शक्य तिथे घेतेच. खडकाचा पातळ काप. दगडाचा तुकडा काचपट्टीवर चिकटवून तो घासत घासत ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत आणतात. काळाकभिन्न बेसॉल्ट तेव्हा पारदर्शक होतो. हे घासणं पूर्ण दाखवा: पाण्याबरोबर वाहणारा राखाडी गाळ, काप उजेडाला धरून पुन्हा पुन्हा बघणारे डोळे, कारण थोडा जास्त घासला तर सगळा नमुना गेला. मग तो ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. प्रकाश गाळणारे त्यातले दोन पोलरायझर आडवे-उभे झाले की ऑलिव्हीन या खनिजाचे कण निळे, जांभळे, केशरी पेटतात, आणि मंच फिरवला की एकेक कण काळोखात जातो, पुन्हा उजळतो. कॅमेरा सूक्ष्मदर्शकालाच जोडलेला असला तर हा शॉट एकसंध, कटशिवाय घेता येतो. इथे एक काळजी मात्र घ्या. हे रंग खडकाचे नाहीत. स्फटिकातून जाताना प्रकाशाचे दोन भाग होतात आणि ते पुन्हा एकत्र येताना रंग तयार होतात. हे निवेदनात सांगितलं नाही तर प्रेक्षक 'काळ्या दगडाच्या आत रंगीत दगड असतो' एवढंच घेऊन उठतो.

यावरूनच ॲनिमेशनकडे येते, कारण भूविज्ञानाच्या माहितीपटात सगळ्यात जास्त खोटं तिथेच बोललं जातं, तेही कुणाचा वाईट हेतू नसताना.

पृथ्वीचा छेद आठवा. बाहेर पातळ कवच, आत लालभडक, उकळणारं, वाहणारं प्रावरण, मध्ये पिवळा गाभा. हे चित्र इतक्यांदा दाखवलं गेलं आहे की आपण सगळे शिलारसाच्या समुद्रावर तरंगणाऱ्या सालीवर उभे आहोत असं लोकांना प्रामाणिकपणे वाटतं. प्रावरण घन आहे. कवचाखालपासून जवळपास २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत, पृथ्वीच्या आकारमानाचा सुमारे ८४ टक्के भाग, तो जवळजवळ पूर्ण घन खडक आहे. कशावरून? भूकंपाच्या दुय्यम लहरी, ज्यांना एस लहरी म्हणतात, द्रवातून जाऊच शकत नाहीत, आणि त्या प्रावरणातून आरपार जातात. बाह्य गाभ्यापाशी मात्र त्या थांबतात, म्हणून तो द्रव. आणखी आत पुन्हा घन गाभा आहे हे डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमान यांनी १९३६ मध्ये भूकंपलहरींच्याच नोंदींवरून दाखवलं. तरीही घन प्रावरण वाहतं, हिमनदीचं बर्फ घन असूनही वाहतं तसं, वर्षाला काही सेंटीमीटर. शिलारस होतो तो ठरावीक ठिकाणी, दाब कमी झाला किंवा पाणी मिसळलं की, आणि तोही खडकाचा थोडासा भाग वितळून.

ग्राफिक्स करणारा म्हणेल, तापमान दाखवायला लाल रंग हवा. ठीक आहे, रंग ठेवा, पण पोत बदला. उकळणारे बुडबुडे, चकाकी, लाटा काढून टाका. स्फटिकांचा, खडकाचा पोत द्या आणि हालचाल इतकी मंद की ती दाखवायला कोपऱ्यात वर्षांचा आकडा पळता ठेवावा लागेल. त्याच्या आधी शास्त्रज्ञाच्या हातात पेरिडोटाइट या प्रावरणातल्या खडकाचा तुकडा दाखवा. ज्वालामुखीच्या लाव्हाबरोबर प्रावरणातून वर आलेले असे तुकडे सापडतात आणि ते ऑलिव्हीनमुळे हिरवे असतात. एका वाहिनीच्या बैठकीत मला विचारलं गेलं होतं, "हिरवं प्रावरण लोकांना पटेल का?" तुकडा टेबलावर ठेवला आणि चर्चा संपली. पडद्यावरही तेच होतं.

दुसरं खोटं जाडीचं. पूर्ण पृथ्वीचा छेद १०८० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत बसवला तर एक पिक्सेल म्हणजे जवळजवळ १२ किलोमीटर. खंडांचं ३५ किलोमीटर जाडीचं कवच तीन पिक्सेल भरतं. महासागराखालचं सात किलोमीटरचं कवच एक पिक्सेलही भरत नाही, आणि एव्हरेस्टही नाही. म्हणजे छेद दाखवताना अतिशयोक्ती करावीच लागते, त्याला इलाज नाही. पण ती लपवायची गरज नाही. एकदा, फक्त एकदाच, खऱ्या मापातली पृथ्वी दाखवा, कवच दिसत नाही हे प्रेक्षकाला बघू द्या, आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत ते ताणून जाड करा. त्यानंतर पूर्ण चित्रपटभर तो तुमचा नकाशा समजून बघेल.

उपग्रहाच्या रडार चित्रांचंही तसंच. भूकंपानंतर जमीन किती सरकली ते दाखवणारी इंद्रधनुषी वर्तुळं सजावट म्हणून दोन सेकंद चमकवली जातात. सेंटिनेल-१ उपग्रहाच्या चित्रात रंगांचं एक पूर्ण आवर्तन म्हणजे जमीन उपग्रहाच्या दिशेने किंवा त्याच्यापासून दूर २.८ सेंटीमीटर सरकली. एवढं सांगा आणि प्रेक्षकाला वर्तुळं मोजायला लावा. तो मोजतो, खरंच मोजतो.

चांगलं ॲनिमेशन कसं असावं याचा माझा आवडता नमुना अमेरिकी भूवैज्ञानिक मेरी थार्प यांच्या कामात आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या जहाजांनी घेतलेल्या खोलीच्या नोंदींवरून उत्तर अटलांटिकच्या तळाचे छेद काढत होत्या. त्या काळी स्त्रियांना त्या संशोधन जहाजांवर जाऊ देत नसत, त्यामुळे आकडे दुसऱ्यांनी आणायचे आणि त्यांनी कागदावर उतरवायचे. छेद एकाखाली एक ठेवल्यावर त्यांना दिसलं की समुद्रातल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर प्रत्येक छेदात एक खाच आहे. म्हणजे रांगेच्या मधोमध एक दरी धावते आहे, जमीन तिथे फाकते आहे. सहकारी ब्रूस हीझन यांना ते आधी पटलं नाही. शेजारच्या टेबलावर भूकंपाची केंद्रं त्याच मापाच्या नकाशावर टिपली जात होती. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले आणि भूकंप दरीतच बसले. यात पडद्यावर काय लागतं? सहा रेघा, काही ठिपके आणि एक कागद दुसऱ्यावर सरकवणं. खर्च जवळजवळ शून्य, आणि बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगनर यांनी १९१२ मध्ये मांडलेली खंडांच्या सरकण्याची कल्पना इतकी वर्षं का नाकारली गेली आणि मग का स्वीकारावी लागली, हे या एका दृश्यानंतर समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत.

काळाबद्दल थोडक्यात. ४५४ कोटी वर्षं एका दिवसात किंवा एका वर्षात बसवून 'माणूस शेवटच्या सेकंदाला आला' हे इतकं वापरून झालं आहे की आता त्यातून काही जाणवत नाही. मला आकड्यांपेक्षा वेग जास्त उपयोगी वाटतो. जीपीएसच्या स्थानकाची वर्षभराची नोंद दाखवा, काही सेंटीमीटरची. मग तोच वेग पुढे दहा लाख वर्षं चालवा: वीस-पन्नास किलोमीटर. मग एक कोटी. काळ एवढा मोठा असतो तो का, हे गुणाकारातून उमजतं. एका चित्रपटात तीनचारच मोठे आकडे ठेवा आणि तेच परत परत वापरा.

आवाजाबद्दल एवढंच सांगते की भूकंपाच्या लहरी बहुतेक माणसाच्या कानाच्या २० हर्ट्झच्या मर्यादेखाली असतात. खरी नोंद वेग वाढवून ऐकवता येते आणि ती ध्वनिसंग्रहातल्या कोणत्याही गडगडाटापेक्षा चमत्कारिक आणि जिवंत असते. किती पट वेग वाढवला ते पडद्यावर लिहा. खडकांच्या जागी नैसर्गिक आवाज भरपूर घ्या, वारा, पाणी, हातोडीचा ठणका. संकलनात तेच श्वास घ्यायला जागा देतात.

आता आपत्तींविषयी. तुम्ही विचारलंत, ज्वालामुखी आणि भूकंप लावून वेळ भरावा का. वेळ भरायला लावू नका. पण ज्या लोकांवर हे ओढवू शकतं त्यांना समजावून सांगायला लावत असाल, तर याच्याइतकं मोलाचं काम या क्षेत्रात दुसरं नाही.

१३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री कोलंबियातल्या नेवाडो देल रुइझ ज्वालामुखीचा उद्रेक झाला. तसा तो मोठा नव्हता. पण माथ्यावरचं बर्फ वितळलं, राख आणि दगड घेऊन चिखलाचे लोंढे नद्यांच्या पात्रातून खाली आले आणि सुमारे अडीच तासांनी आर्मेरो गावावर कोसळले. २३ हजारांहून जास्त माणसं गेली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता आणि त्यात आर्मेरो होतं. जे कमी पडलं त्यात हेही होतं की, 'चिखलाचा लोंढा' म्हणजे नेमकं काय, हे निर्णय घेणाऱ्यांच्या आणि गावकऱ्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं नव्हतं. नकाशावरचा रंगीत पट्टा कुणाला घराबाहेर काढत नाही.

हे ओळखून मॉरिस आणि कातिया क्राफ्ट या ज्वालामुखीशास्त्रज्ञ दांपत्याने जगभर चित्रित केलेल्या आपल्या दृश्यांमधून धोके समजावणारी एक चित्रफीत तयार केली. राख पडते म्हणजे काय होतं, तप्त वायू आणि राखेचा लोंढा किती वेगाने उतरतो, चिखलाचा लोंढा घराचं काय करतो. १९९१ मध्ये फिलिपीन्समधला पिनातुबो जागा झाला तेव्हा ही चित्रफीत अजून पूर्ण झालेली नव्हती, तरी तिची कच्ची प्रत तिथल्या अधिकाऱ्यांना आणि लोकांना दाखवण्यात आली. १५ जूनच्या प्रचंड उद्रेकापूर्वी हजारो लोक हलवले गेले. त्या निर्णयांमागे शास्त्रज्ञांची मोजमापं होतीच, पण ती मोजमापं पटायला या दृश्यांनी मदत केली. क्राफ्ट दांपत्याला हे बघायला मिळालं नाही. ३ जून १९९१ रोजी जपानमधल्या उंझेन ज्वालामुखीवर अशाच तप्त लोंढ्यात ते दोघं गेले. त्या दिवशी ४३ जण मेले, त्यात पत्रकार आणि कॅमेरामन बरेच होते. आपल्या क्रूचा जीव शॉटपेक्षा मोठा आहे, आणि कुठे थांबायचं हे स्थानिक वेधशाळा ठरवते, दिग्दर्शक नाही. करारातच तसं लिहून घ्या.

याची उलट बाजू इटलीतल्या लाक्विला शहराची. २००९ मध्ये तिथे कित्येक आठवडे लहान धक्के बसत होते. एका अधिकाऱ्याने टीव्हीवर दिलासा दिला की हे धक्के ऊर्जा बाहेर टाकताहेत, तेव्हा परिस्थिती उलट अनुकूलच आहे. ६ एप्रिलला ६.३ महत्तेचा (मॅग्निट्यूडचा) भूकंप झाला आणि ३०० हून अधिक लोक मेले. पुढे सहा शास्त्रज्ञ आणि त्या अधिकाऱ्यावर खटला चालला, २०१२ मध्ये शिक्षा झाल्या, २०१४ मध्ये शास्त्रज्ञ अपिलात सुटले. कायद्याचं काय ते असो, पण टीव्हीवरचं ते विधान विज्ञानाला धरून नव्हतं. महत्ता एकने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे ६ महत्तेच्या एका भूकंपाची ऊर्जा ४ महत्तेच्या साधारण हजार भूकंपांएवढी, आणि २ महत्तेच्या दहा लाखांएवढी. लहान धक्क्यांनी मोठा भूकंप 'रिता' होत नाही. हा साधा हिशोब पडद्यावर मांडा, ठिपक्यांनी मांडा, आणि भूकंपावरच्या कोणत्याही चित्रपटात तो असू द्या. भूकंपाची वेळ आधी सांगता येत नाही, पण कोणत्या भागात धोका आहे आणि घर कसं बांधावं हे सांगता येतं. दोन्ही वाक्यं एकत्रच आली पाहिजेत. पहिलं एकटं आलं तर लोक हताश होतात.

अपघाताची, ढिगाऱ्याखालच्या माणसांची जुनी दृश्यं वापरण्यापूर्वी ती माणसं किंवा त्यांचे नातेवाईक आजही टीव्ही बघतात हे ध्यानात ठेवा. मी चेहरे दाखवत नाही.

शास्त्रज्ञांमध्ये एकमत नसेल तर काय करायचं? तेच दाखवायचं. दख्खनचा लाव्हा आणि युकातानमध्ये पडलेली अशनी, दोन्ही ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास. डायनासोरांच्या शेवटात लाव्हाचा वाटा किती, हे बऱ्याच अंशी तो केव्हा किती बाहेर पडला यावर ठरतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या एकाच नियतकालिकात दोन गटांनी दख्खनच्या लाव्हाचे नवे काळ दिले. एका गटाने मुख्यतः दोन लाव्हाथरांमधल्या लालसर थरांतले झिरकॉन या खनिजाचे कण वेचून, त्यातल्या युरेनियमचं किती शिसं झालं ते मोजून काळ काढला आणि सांगितलं की उद्रेक मोठ्या झटक्यांनी झाले, त्यातला एक अशनीच्या आघाताच्या थोडाच आधी. दुसऱ्या गटाने बेसॉल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजात साठलेला आरगॉन वायू मोजून काळ काढला आणि त्यांच्या मते बहुतेक लाव्हा आघातानंतर आला. दोन्ही गट कसलेले, दोन्हींची मोजमापं काळजीपूर्वक. वाहिनीवाले म्हणतात, प्रेक्षकाला एक उत्तर हवं. माझा अनुभव उलटा आहे. दोन्ही प्रयोगशाळा दाखवा, तो केसाएवढा कण दाखवा, मतभेद नेमका कशामुळे आहे ते सांगा, आणि प्रेक्षक खुर्चीत पुढे सरकून बसतो. पण एक पथ्य पाळा. जिथे खरा वाद आहे तिथेच वाद दाखवा. पृथ्वीचं वय किंवा खंडांचं सरकणं यावर 'दुसरी बाजू' म्हणून कुणालाही बसवू नका.

निवेदन सगळ्यात शेवटी लिहा. आधी चित्रं, नैसर्गिक आवाज आणि बाईट (मुलाखतींचे निवडक तुकडे) यांवर रफ कट, म्हणजे संकलनाचा कच्चा आराखडा, उभा करा, आणि तो निवेदनाशिवाय भूविज्ञानाशी संबंध नसलेल्या दोनचार माणसांना दाखवा. कुठे त्यांना कळलं नाही ते टिपून घ्या आणि तेवढ्याच जागी वाक्य घाला. डोळ्यांना दिसतं ते शब्दांत सांगू नका. प्रत्येक पारिभाषिक शब्द वस्तू दाखवल्यावर मगच उच्चारा. एका तासात पाचसहा नवे शब्द पुष्कळ झाले.

पैसे कमी असतील तर, आणि ते असतातच, हेलिकॉप्टर आणि महागडं ॲनिमेशन कापा, पण दोन गोष्टी कापू नका. एक, जागेवरचे जास्तीचे दिवस, कारण उजेड, धुकं आणि भरती तुमच्या वेळापत्रकाने चालत नाहीत. दुसरी, शास्त्रीय सल्लागाराचं मानधन. सल्लागाराला संहितेवर एकदा आणि चित्र लॉक होण्याआधी, म्हणजे संकलन कायम होण्याआधी, पुन्हा एकदा बसवा, कारण संहितेत बरोबर असलेलं वाक्य चुकीच्या दृश्यावर पडलं की चुकीचं होतं. ग्रॅनाइटविषयी बोलताना पडद्यावर बेसॉल्ट दिसला तर भूशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी तो ओळखतो आणि तुमच्या बाकीच्या पन्नास मिनिटांवरचाही त्याचा विश्वास जातो. सल्लागाराच्या सूचना लेखी घ्या, आणि जी मान्य केली नाही तिच्यापुढे कारण लिहा.

काम संपल्यावर मुलाखतींचं न कापलेलं चित्रीकरण आणि ड्रोनची दृश्यं त्या त्या विद्यापीठाला किंवा सर्वेक्षण संस्थेला देण्याची परवानगी वाहिनीकडून करारातच मागून ठेवा. ड्रोनच्या फोटोंवरून कड्याचं त्रिमितीय प्रतिरूप तयार करता येतं आणि दरड कोसळल्यानंतर जुन्या-नव्याची तुलना करायला तेच लागतं. त्यासाठी चित्रण करतानाच कड्याचे एकमेकांवर निम्म्याहून जास्त येतील असे स्थिर फोटो ओळीने घेऊन ठेवा आणि प्रत्येकाची तारीख, जागा नोंदवा. क्रूचा अर्धा तास जातो.